माईक आधी, शालू नंतर: वेशभूषेमुळे बिघडणारा वायरलेस माईक कसा हाताळायचा

रंगीत तालमीत हमखास दिसणारा प्रकार. आठवडाभर साध्या कपड्यांत माईक ठणठणीत चाललेले असतात. वेशभूषा चढते आणि पहिल्याच प्रवेशात राणीसाहेबांचे ओठ हलतात, आवाज येत नाही. सरदार मुजऱ्याला वाकले की स्पीकरमधून 'टॉक'. मग साउंडवाला धावत जाऊन सेल बदलतो. त्याने भागलं नाही की फ्रिक्वेन्सी बदलतो, तेही नाही जमलं की आवाज वाढवतो. तेवढ्यात तिसरी घंटा होते. बिघाड बिचारा जिथल्या तिथे, कमरपट्ट्याखाली दबलेला.

ऐतिहासिक, संगीत किंवा लोकनाट्याच्या बाजाचं नाटक करणाऱ्या हौशी आणि स्पर्धेच्या संघांसाठी हे लिहितोय. कमरेला बॉडीपॅक (आवाज रेडिओने पाठवणारी डबी, पुढे नुसता 'पॅक') आणि त्याला वायरने जोडलेला छोटा कॉलर माईक, एवढीच सामग्री गृहीत धरली आहे. माझा नियम साधा आहे: माईक हा कलाकाराच्या अंगावर चढणारा पहिला कपडा. नेसून, नटून, दागिने घालून झाल्यावर 'आता माईक लावा' म्हणत जो समोर येतो, त्याचा माईक दुसऱ्या अंकात दगा देणार हे धरून चाला.

टप्पा १: हात लावण्याआधी आवाज ओळखा

हेडफोन घाला, मिक्सरवर फक्त त्या माईकचं सोलो दाबा आणि रिसीव्हरच्या (पॅकचा सिग्नल पकडणाऱ्या पेटीच्या) डिस्प्लेकडे बघा. तिथे दोन मीटर असतात. आरएफ म्हणजे पॅककडून रेडिओ सिग्नल किती पोचतोय, आणि एएफ म्हणजे माईकमध्ये आवाज किती शिरतोय. निम्मं निदान या दोन पट्ट्यांतच होतं.

आवाज मधेच तुटला आणि त्याच क्षणी आरएफची पट्टी कोसळली, तर अँटेना अडचणीत आहे: दबलेली, मुडपलेली किंवा धातूखाली गेलेली. जुन्या अ‍ॅनालॉग सेटवर तुटताना 'फस्स' असा आवाज येतो. डिजिटल सेट काहीही न सांगता गप्प होतो, म्हणून तिथे मीटर बघण्याला पर्याय नाही.

आरएफ भरलेला आहे, पण कलाकार हलला की सळसळ किंवा खरखर होते? हे कापडाचं काम.

आरएफ भरलेला आहे, तरी 'कट', 'टॉक', किंवा आवाज मेला आणि मान वळवताच परत जिवंत झाला? वायर, कनेक्टर, नाहीतर माईकवर काहीतरी आपटतंय.

दोन्ही मीटर शहाण्यासारखे वागतायत, पण बोलणं गोधडीखालून आल्यासारखं? माईकवर कापडाचे थर जास्त झालेत किंवा माईकचं तोंड घामाने, रंगाने बुजलंय.

आता कलाकाराला जागेवर उभं राहून चार ओळी म्हणायला सांगा. मग तोंड बंद ठेवून नुसतं चालायला सांगा. शेवटी चालता चालता बोलायला सांगा. नुसत्या चालण्यात आवाज झाला, तर गळ्याचा किंवा गेनचा (माईकचा आवाज मिक्सरमध्ये किती वाढवून घ्यायचा त्याचा) काही संबंध नाही, कपडे बोलतायत.

*तपासा:* पॅक कलाकाराच्या अंगावरून काढा, अँटेना मोकळी ठेवून हातात धरा आणि रंगमंचावर त्याच जागी उभे राहा. तरीही सिग्नल तुटला तर वेशभूषा निर्दोष आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिथे फ्रिक्वेन्सीचाच शोध घ्या. तुमचा जुना सेट ७०० मेगाहर्ट्झच्या वर चालणारा असेल तर आधी तोच संशयित धरा, कारण त्या पट्ट्यातला काही भाग २०२२ च्या लिलावात ५जी मोबाईलसाठी गेला आहे.

टप्पा २: तयारी रंगपटात नाही, कपडेपटात

कपडे मापाला घालून बघण्याचा जो दिवस असतो, त्या दिवशी एक पॅक खिशात घालून तिथे जा. चालू नसला तरी चालेल. वेशभूषाकाराला चार गोष्टी विचारा: जर कुठे आणि किती, अस्तर कशाचं, धातूचा दागिना कंबर-खांदा-डोकं यांपैकी कुठे, आणि प्रयोगात कपडे किती वेळा बदलायचे. 'झटपट बदल' असेल तर त्या कलाकाराचा पॅक बाहेरच्या कपड्यात ठेवायचाच नाही, तो बनियनला लावायचा. हे रंगीत तालमीच्या दिवशी सुचून उपयोग नसतो, कारण बनियनला आतून कप्पा शिवायला दर्जी लागतो.

झोळीत हे असू द्या: मेडिकलच्या दुकानातली मायक्रोपोर आणि ट्रान्सपोर चिकटपट्टी, दोन इंची इलॅस्टिक, टोपाला (विगला) लावतात त्या छोट्या क्लिपा, काळा-तपकिरी दोरा आणि सुई, स्पिरिट आणि कापूस, खोबरेल तेल (चिकटपट्टी सोडवायला), वंगण नसलेले कंडोम, किमान एक जादा कॉलर माईक, माईकच्या जाळीच्या जादा टोप्या, आणि प्रत्येक पॅकला प्रत्येक अंकासाठी नवे सेल. कंडोमवर रंगपटात विनोद होणारच, होऊ द्या. घामापासून पॅक वाचवायला त्याहून स्वस्त आणि पातळ पिशवी मला अजून सापडलेली नाही.

कोण कुणाला माईक लावणार हे आधी ठरवा. स्त्री कलाकारांसाठी कपडेपटातल्या ताईंना शिकवून तयार करा, आणि पुरुषांनाही 'हात लावतोय हं' असं सांगून मगच हात लावा.

टप्पा ३: पॅकची जागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

पॅकला लोंबणारी लवचीक दांडी असते ना, ती शोभेची नाही. तिची लांबी रेडिओ लहरीच्या लांबीच्या पाव असते. ५०० मेगाहर्ट्झला लहर ६० सेंटिमीटरची, म्हणून दांडी साधारण १५ सेंटिमीटर. ६०० ला ती साडेबारावर येते. ही दांडी दुमडून खिशात कोंबली, पॅकभोवती गुंडाळली किंवा घामट त्वचेला चिकटली की तिचं गणित बिघडतं आणि सिग्नल शरीरातच जिरतो. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांशी खारं पाणी, आणि खारं पाणी रेडिओ लहरी आनंदाने पिऊन टाकतं.

तेव्हा अँटेना सरळ हवी. वर की खाली याने फारसा फरक पडत नाही. त्वचेपासून ती अर्धा-एक सेंटिमीटर तरी सुटी हवी, मध्ये बनियनची दुहेरी घडी किंवा फोमची पट्टी चालते. आणि तिच्यावर धातू नको. या शेवटच्या अटीवर आपल्या वेशभूषेचं आणि रेडिओचं कधीच पटत नाही.

*नऊवारी.* पॅक पाठीमागे कमरेत खोचायची सवय असते, आणि नेमका तिथेच काष्टा खोचलेला असतो: कापडाचे पाच-सहा थर, त्यात जरीचा काठ. चांगल्या जरीत खऱ्या धातूची तार असते, चांदीची किंवा तांब्याची. असा काठ घड्या घालून अँटेनावर बसला की तुम्ही तिला पत्र्याच्या डब्यातच ठेवलंत. पॅक डाव्या किंवा उजव्या कमरेवर, काष्ट्यापासून चार बोटं पुढे सरकवा, पदर ज्या खांद्यावर आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. कलाकार सडपातळ असेल तर पाठीवर खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, चोळीच्या आत इलॅस्टिकच्या पट्ट्यात बसवलेला उत्तम. लावणी असेल तर पाठीवरचाच घ्या, कारण कमरेला ठसठशीत कमरपट्टा येणार आणि तो ऐन अँटेनावर बसणार.

*अंगरखा आणि कंबरशेला.* पुरुषांचं तुलनेने सोपं. शेल्याच्या वर, अंगरख्याच्या आत, बरगडीच्या बाजूला पॅक ठेवा. शेल्याच्या खाली ठेवलात तर दोन त्रास: गाठ पॅकचं बटण दाबते आणि म्यान पॅकवर आपटतं. तलवार डाव्या कमरेला असते, म्हणून पॅक उजवीकडे.

*चिलखत.* कड्या खऱ्या धातूच्या असतील तर पॅक चिलखताच्या आत ठेवून काहीही उपयोग नाही. दांडी तरी बाहेर काढा: पॅक मानेखाली, अँटेना वर, कॉलरच्या बाहेर किंवा टोपाच्या केसांत. विणलेल्या सुतावर चंदेरी रंग मारलेलं चिलखत बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पण 'बहुतेक' या शब्दावर प्रयोग करू नये, खाली दिलेली चाचणी घ्या.

*टोप आणि अंबाडा.* स्त्री-भूमिकेत मोठा खोपा किंवा गंगावन असेल तर पॅक थेट त्यात बसतो. शरीरापासून दूर, उंचावर, घाम कमी. मला ही जागा सगळ्यात आवडते. फक्त पॅक लहान हवा आणि रंगभूषाकार राजी हवा. त्यांच्याशी भांडून टोपात काहीही टिकत नाही.

हल्ली तरुण संघ क्लिपने अडकवायचे २.४ गिगाहर्ट्झचे छोटे माईक वापरतात. त्यांची अँटेना आतच असते, म्हणून ती मुडपण्याचा प्रश्न नाही. पण ही लहर अंगातून आरपार जात नाही म्हटलं तरी चालेल. कलाकाराने रिसीव्हरकडे पाठ केली की आवाज गेला. असला माईक चिलखत-शालूच्या नाटकाला वापरू नये असं माझं मत. वापरायचाच असेल तर रिसीव्हर विंगेत आणून ठेवा.

*तपासा, पदराची चाचणी:* पॅक चालू करा, रिसीव्हर जिथे राहणार तिथेच ठेवा, आणि कलाकाराला रंगमंचाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभं करा. आरएफची पट्टी बघा. आता अँटेनावर पदर, मग शेला, मग कमरपट्टा असं एकेक चढवत जा आणि प्रत्येक वेळी पट्टी बघा. ज्या वस्तूने पट्टी निम्म्यावर आली ती गुन्हेगार. ती सरकवा किंवा पॅक सरकवा.

सावध: पट्टी कमी दिसली म्हणून पॅकची पॉवर वाढवू नका. दबलेली अँटेना पॉवरने मोकळी होत नाही. सेल लवकर संपतात आणि शेजारच्या माईकांना उपद्रव होतो.

आणखी एक. रिसीव्हर प्रेक्षागृहाच्या मागे, मिक्सरजवळ जमिनीवर ठेवला असेल तर रिकाम्या नाट्यगृहातली चाचणी खोटी ठरते. हाउसफुल झालं की मध्ये काही शे माणसं येतात, म्हणजे पुन्हा खारं पाणीच. रिसीव्हरच्या अँटेना डोक्यांच्या वर राहतील अशा उंचीवर न्या. त्याहून बरं म्हणजे रिसीव्हर विंगेत ठेवा आणि तिथून मिक्सरपर्यंत केबल टाका.

टप्पा ४: वायर

कॉलर माईकची वायर शेवयांहून फार जाड नसते. तिचे तीन नियम.

एक, वायर आणि अँटेना यांच्या वाटा वेगळ्या. अँटेना खाली असेल तर वायर वर जाऊ द्या. वायरचं वरचं जाळीचं आवरण अँटेनाचा दुसरा पाय म्हणून काम करतं, त्यामुळे उरलेली वायर अँटेनाभोवती गुंडाळली की दोन्ही पाय एकत्र बांधल्यासारखं होतं. उरलेल्या वायरचं रुपयाच्या नाण्याहून मोठं, सैल वेटोळं करा आणि ते पॅकपासून दूर बनियनला चिकटवा.

दोन, माईकपासून दोन-तीन सेंटिमीटरवर एक लहानसा सैल फेरा ठेवून तिथे पट्टी लावा. कपड्याने वायर ओढली तर ओढ त्या पट्टीवर थांबते, माईकपर्यंत पोचत नाही. 'माईकला हात न लावता खरखर येते' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हाच न ठेवलेला फेरा असतो.

तीन, सेफ्टी पिन. नऊवारी नेसवणारे हात वेगात चालतात आणि पंधरा-वीस पिना सहज लागतात. एका प्रयोगात नायिकेचा माईक 'सूत्रधार, थांबा' एवढं बोलून गप्प झाला. आरएफ पूर्ण, एएफ शून्य. मध्यंतरात पदर सोडला तर खांद्यावरची पिन वायरच्या बरोबर मधोमध आरपार गेलेली, पाटावर ठोकलेल्या खिळ्यासारखी. आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना भिडलेल्या. ती वायर गेली ती गेलीच. तेव्हापासून वायर जिथून जाते तिथे मी बनियनवर लाल दोऱ्याचे टाके घालून ठेवतो आणि नेसवणाऱ्या मावशींना सांगतो, 'मावशी, लालवर पिन नको.' परत तसं झालेलं नाही.

*तपासा:* हेडफोन घालून पॅकजवळचा कनेक्टर हलकेच हलवा. 'कट' झालं तर वेशभूषेला दोष देऊ नका. कनेक्टर नीट फिरवून घट्ट बसवा, तरीही झालं तर माईक बदला.

टप्पा ५: माईकचं तोंड कुठे

साध्या कपड्यांच्या नाटकात छातीवरचा माईक चालतो. जरीच्या, झुलत्या, थरांच्या वेशभूषेत तो मला नको वाटतो. छातीवर आवाज आधीच घुमलेला असतो, हनुवटीच्या आडोशाने व्यंजनं कमी पोचतात, आणि वर हार, माळा, उपरणं असतंच. कपाळावर, केसांच्या रेघेत लावलेला माईक या सगळ्यांच्या वर राहतो. तोंडापासूनचं अंतरही मान वळवली तरी बदलत नाही.

टोप असेल तर: स्पिरिटने कपाळाची रेघ पुसा, माईक केसांच्या जाळीखालून काढा, टोपाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे येऊ द्या, वायर टोपाच्या आतून मानेपर्यंत न्या, आणि दर चार बोटांवर एक क्लिप लावा. मानेवर पट्टी लावताना कलाकाराला मान पूर्ण खाली घालायला सांगा आणि तेवढी वायर सैल ठेवा. नाहीतर पहिल्याच नमस्काराला माईक टोपात परत जातो.

हे सगळं पॅनकेक, म्हणजे चेहऱ्याचा रंग, लावण्याआधी. रंग चढलेल्या कातडीवर कुठलीही पट्टी टिकत नाही. रंगभूषाकाराकडून त्यासाठी पाच मिनिटं मागून घ्या आणि मिळालेली पाचच वापरा.

सावध: केसांवर स्प्रे मारायचा असेल तेव्हा माईकचं तोंड बोटाने झाका. स्प्रेचा थर जाळीवर वाळला की आवाज गोधडीत जातो. गोंधळाच्या प्रवेशात भंडारा उधळणार असाल तर तोच धोका. जाळीची जादा टोपी जवळ ठेवा आणि मध्यंतरात बदला.

आता पगडी, जिरेटोप, फेटा. डोक्यावरच्या वस्तूची कड माईकच्या अगदी वर आली की आवाज तिच्यावर आपटून परत माईकमध्ये शिरतो. बोलणं डब्यातलं वाटतं आणि शिट्टी लवकर येते. माईक कडेच्या पुढे आणा. पगडी मधल्या प्रवेशात काढली जात असेल तर माईक पगडीला लावू नका. हे सांगावं लागतं, कारण मी सरदाराचा आवाज खुंटीवर टांगलेला पाहिलाय.

मुजऱ्याच्या 'टॉक'ची गोष्ट अशीच. सेल बदलून झाले, वायर बदलून झाली, कनेक्टर तपासून झाला. शेवटी मी त्या सरदारासमोर अक्षरशः जमिनीवर बसलो आणि म्हणालो, 'दादा, हळू वाका.' वाकताना पगडीची मोत्यांची लड पुढे झुलली, परत येताना तिचा शेवटचा मोती कपाळावरच्या माईकवर टेकला. टॉक. लडीचं दुसरं टोक दोन टाक्यांनी पगडीला शिवलं, काम संपलं. स्त्री-भूमिकेत हेच काम झुबे आणि कानाचे वेल करतात, विशेषतः माईक कानाजवळ गालावर असेल तर. झुबा ज्या कानाशी हलतो त्याच्या उलट बाजूला माईक घ्या. दोन्ही कानांत असणारच, तेव्हा कपाळच बरं.

छातीवर माईक लावणं टळतच नसेल, तर घासणं कुठलं ते आधी ओळखा. कापड माईकवर घासत असेल तर उपाय आहे. मायक्रोपोरचे दोन तुकडे पानाच्या विड्यासारखे त्रिकोणी घडी करा, चिकट बाजू बाहेर. माईक त्या दोन विड्यांच्या मध्ये. एक विडा आतल्या कपड्याला चिकटतो, दुसरा बाहेरच्या. मग दोन्ही कापडं आणि माईक एकत्र हलतात, एकमेकांवर घासत नाहीत. माईकचं तोंड मात्र पट्टीने झाकू नका.

पण कापडच कापडावर घासत असेल, म्हणजे खळ केलेला अंगरखा, कोरं रेशीम, टाफेटाचं अस्तर, तर हा खरा आवाज आहे आणि माईक तो प्रामाणिकपणे ऐकतोय. इथे चिकटपट्टी काही करत नाही. अंगरखा एकदा मऊ धुऊन घ्या, खळ काढा, काखेतलं आणि गळ्याजवळचं अस्तर सुती करा. वेशभूषाकार 'खळ नसेल तर घेर बसत नाही' म्हणतील. घेराला ठेवा, छातीला काढा, अशी तडजोड होते.

हिवाळ्यात, विशेषतः विदर्भातल्या कोरड्या हवेत, नायलॉन-पॉलिस्टरच्या कपड्यांत स्थिर वीज साठते आणि बारीक तडतड ऐकू येते. आत सुती बनियन घातली आणि कपड्यावरून किंचित ओला हात फिरवला की ती बसते.

टप्पा ६: चढवण्याचा क्रम

क्रम असा: बनियन, पॅकचा पट्टा, वायर, माईक, मग कान लावून पहिली तपासणी. त्यानंतर रंग, टोप, मग कपडा, मग शेला किंवा पदर, शेवटी दागिने आणि शस्त्र. दर टप्प्यानंतर एक वाक्य बोलून घ्यायचं आणि हेडफोनवर ऐकायचं. प्रत्येकी दहा सेकंद लागतात. गडबड कुठल्या थरावर सुरू झाली ते आपोआप कळतं, सगळं उतरवायची वेळ येत नाही.

पॅकचं बटण लॉक करा. मिक्सरवर आवाज बंद करायची सोय आहे, कलाकाराने पॅकला हात लावायचा नाही.

खिसे तपासा. अंगरख्याला खिसा असतो आणि त्यात मोबाईल असतो. पॅकशेजारी मोबाईल म्हणजे अधूनमधून टरटर, आणि ती तुम्ही तासभर वेशभूषेत शोधत बसाल.

गेन सगळ्यात शेवटी, पूर्ण पोशाखात, नाटकातल्या सर्वात मोठ्या ओरडीवर ठरवा. 'हॅलो, माईक टेस्टिंग' वर लावलेला गेन 'हर हर महादेव' ला फाटतो.

टप्पा ७: नाटकातल्या हालचाली करून घ्या

उभं राहून केलेली चाचणी अर्धवट. कलाकाराला मुजरा, साष्टांग नमस्कार, पदर खोचणे, तलवार उपसणे, मिठी, पडणे, आणि हो, बसणे, हे सगळं एकदा करायला लावा. तुम्ही हेडफोनवर असा, दुसऱ्या कुणालातरी आरएफ मीटर बघायला बसवा. बसण्यावर जोर देतोय, कारण पाठीवरचा पॅक सिंहासनाच्या पाठीला टेकतो आणि सजावटीसाठी तिथे पत्रा ठोकलेला असला तर सिग्नल फक्त दरबाराच्या प्रवेशात तुटतो. मी एकदा यापायी दोन तालमी फ्रिक्वेन्सी बदलत बसलोय. शेवटी पत्र्याच्या जागी सोनेरी कागद लावला.

घुंगरांचा आवाज माईकमध्ये येतो, बांगड्यांचाही येतो. तो बिघाड नाही. नायिकेच्या हातातला हिरवा चुडा ऐकू आला तर नाटकाचं काही बिघडत नाही.

टप्पा ८: घाम

घाम दोन वाटांनी येतो. कपाळावरून माईकच्या तोंडात, आणि वायरवरून ओघळत पॅकच्या कनेक्टरमध्ये. पहिल्याला उपाय: माईकच्या वर, केसांच्या रेघेत पट्टीचा बारीक बांध घाला, म्हणजे थेंब बाजूने वळतो. दुसऱ्याला: पॅकमध्ये शिरण्याआधी वायरला खालच्या दिशेने एक झोळ द्या. थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो, वर चढत नाही. पॅक कंडोममध्ये, तोंडाला गाठ नको, पट्टी लावा, म्हणजे सेल बदलता येतात. अँटेना आत राहिली तरी चालते, दुमडू मात्र नका.

घामाने बुजलेला माईक ओळखायला सोपा: आधी 'स' आणि 'श' हरवतात, मग सगळंच पाण्याखाली जातं. फुंकर मारू नका, आणखी ओलावा आत जाईल. जाळीची टोपी काढा, टिपकागदाने टिपा, दुसरी टोपी लावा. हेअर ड्रायरची गरम हवा कधीच नाही.

टप्पा ९: प्रयोग चालू आहे आणि माईक गेला

आधी मिक्सरवर तो माईक बंद करा. खरखर प्रेक्षकांना शांततेपेक्षा जास्त खटकते. लगेच फूट माईक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले) किंवा वरचे टांगते माईक हळूच वर घ्या. हे लावून ठेवलेलेच नसतील तर पुढच्या प्रयोगाला लावा, वायरलेसच्या भरवशावर ते काढून टाकणं ही मोठी चूक.

मग मीटर बघून विंगेतल्या सहकाऱ्याला एकच वाक्य कळवा. 'अँटेना' कळवलं तर कलाकार आत येताच पॅकवरचा कपडा मोकळा करून दांडी सरळ करायची, वीस सेकंदांचं काम. 'वायर' कळवलं तर दुसरा पूर्ण तयार पॅक-माईक गालावर पट्टीने चिकटवायचा आणि जुना अंगावर तसाच ठेवून बंद करायचा. तो उपसत बसायला वेळ नसतो. 'कापड' असेल तर मध्यंतरापर्यंत थांबा, त्या कलाकाराचा आवाज किंचित खाली ठेवा आणि टांगत्या माईकचा आधार द्या. धावपळीत पट्टी ओढून टोप सुटला तर त्याहून वाईट.

प्रयोग संपल्यावर उतरवण्याचा क्रम उलटा: दागिने, शस्त्र, शेला, कपडा, टोप, आणि माईक सगळ्यात शेवटी. कलाकारांना हे बजावून ठेवा, कारण टाळ्यांच्या भरात शालू ओढून काढला की वायर त्याच्याबरोबर जाते. पट्टीला खोबरेल लावून ती हळू सोडवा. पॅकमधले सेल काढा, माईक जाळी काढून पंख्याखाली रात्रभर उघडे ठेवा. पट्टे आणि बनियन धुवायला टाका, पण त्याआधी कप्प्यांत हात घालून बघा. एकदा एक माईक धोब्याकडे जाऊन आलाय.